मागच्या खोलीची किंमत

११ जानेवारी

दार उघडलं! चौदा वर्षांनी.

म्हणजे गेममधलं दार. धाकट्यानं दुपारी हाक मारली, "ताई, ये जरा," आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. पडद्यावर आमची तीच चिमुरडी — हातात कपड्यांचं गाठोडं, एका बाजूची रिबीन सुटलेली. गल्ली ओलांडून दुकानात आली, काउंटरच्या मागे गेली, आणि इतकी वर्षं कुलूप असलेलं मागच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं ढकललं. आत पायमशीन. खिडकीतून तिरपं ऊन. खुंटीवर मोजपट्टी. आणि आईचं गुणगुणणं.

धाकटा म्हणाला, ऊन जरा जास्तच पिवळं झालंय. मी म्हटलं, असू दे.

१३ जानेवारी

ऑफिसातल्या सगळ्यांना आज मूळ 'घरपोच' पहिल्यापासून खेळायला बसवलं. नवा भाग दोन महिन्यांत बाजारात आणायचा, आणि आठांतल्या पाच जणांनी जुना गेम पाहिलेलाही नाही! तेव्हा ही पोरं शाळेत होती. मी म्हातारी झाले, दुसरं काय.

शंकासुर सगळ्यांत आधी संपवून मोकळी. गेममधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि शंका काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही — नाव उगाच पडलेलं नाही. म्हणाली, ताई, गेम छान आहे, पण हा संपत नाही, थांबतो. मुलगी आईनं शिवलेले, रफू केलेले कपडे गल्लीत घरोघर पोचवते, प्रत्येक घरात काहीबाही घडतं, सगळं मस्त. मग शेवटी दुकानात परत येते, मागच्या खोलीतून उजेड दिसतो, दाराला कुलूप — आणि नावांची यादी सुरू! आत काय होतं?

मी सांगितलं, आत काहीच नव्हतं. खोली करायची होती, चित्रं तयार होती, पण वेळही संपला आणि पैसेही. तेव्हा गेम डिस्कवर निघायचा. एकदा डिस्क छापली की छापली, नंतर काही जोडायची सोय नाही. आता जुन्या गेमला नेटवरून नवं जोडता येतं.

"पण खोक्यावरच्या चित्रात ती खोली आहे," शंकासुर म्हणाली.

आहे खरी. खोकं आधी छापून झालं होतं.

१४ जानेवारी

कालपासून दुकान डोक्यातून जात नाही. आमचं खरंखुरं दुकान.

पुढे बाबा — गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचे. मागे आई — कपड्यांची दुरुस्ती. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे दोन टीव्हींवर पोरांचा दंगा, पलीकडे मशीन. आम्ही दोघं त्या पडद्याच्या बरोबर मध्ये वाढलो. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. चालायची! त्या फुंकरीनं नेमकं काय व्हायचं हे मला अजून कळलेलं नाही, आणि पोटापाण्याला मी गेमच करते.

पण एक होतं. कॅसेट हातात आली की गेम अख्खा तुमचा. त्यातली प्रत्येक भिंत, प्रत्येक भुयार. एका गेममध्ये चुकून भिंतीवर उडी मारली तर मागे अख्खी बाग निघाली. मी आणि धाकटा किंचाळलो होतो, आई पडदा सारून बाहेर आली, हातात सुई तशीच. बाग दाखवली. "बरं लपवलंय," म्हणाली आणि आत गेली.

आज ती बाग वेगळी विकली असती.

१७ जानेवारी

बाबांना अजून ती खोली दाखवलेली नाही. टेपही नाही ऐकवली. दुकान विकलं तेव्हा खोक्यांच्या तळाशी सापडलेली ती टेप — सुरुवातीला पाच वर्षांच्या धाकट्याचं माइकवर फूफू करणं, मग मशीन, आणि त्यावर गाणं. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं; तेच खोलीत घातलंय. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. टेप लावली की मला तिची मान दिसते, गाताना डावीकडे कलणारी.

धाकटा म्हणतो, बाबांना सोसणार नाही. मलाही तसंच वाटतं. खरं तर आम्हालाच सोसणार नाही — त्यांच्याकडे बघणं.

२२ जानेवारी

वितरकाचा माणूस येऊन गेला. आमचे गेम लोकांपर्यंत पोचवणं, ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर जागा मिळवून देणं हे त्याच्या कंपनीचं काम. माणूस वाईट नाही. पण वाक्यागणिक टक्के! आम्ही आपसात त्याला टक्केवारीच म्हणतो.

त्याचं म्हणणं असं. नव्या भागाचे तीन तुकडे करायचे. मागची खोली एक. नदीकडची नवी गल्ली, तिच्यातली सहा घरं आणि त्यांच्या गोष्टी — दोन. मुलीचे नवे फ्रॉक, गाठोड्याचे रंग वगैरे — तीन. प्रत्येकाची वेगळी किंमत. तिन्ही मिळून जवळजवळ मूळ गेमइतकी. आधी किंमत फुगवून लावायची, आठवड्यानं तीच 'सवलत' म्हणून उतरवायची. आणि सगळ्यांत महाग ठेवायची ती खोली.

का, म्हणून विचारलं. तर म्हणाला, जुन्या लोकांना चौदा वर्षं त्या दाराची चुटपुट लागून राहिलीय, ते काहीही देतील. आणि जाहिरातीत लिहू — 'आईच्या खऱ्या आवाजासह'.

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्याकडे बघत राहिले. मागून धाकट्याचा आवाज आला, तो म्हणत होता की आवाजाचं जाहिरातीत येणार नाही, बाकीचा विचार करू.

बाकीचा विचार करू!

२३ जानेवारी

"ताई, मागचा गेम आपटला. हा आपटला तर कुलूप." धाकटा सकाळी एवढंच बोलला. माझी वही उघडीच होती, मी फुलं काढत बसले.

२८ जानेवारी

दाढ दुखत होती म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मनुष्य. मी खुर्चीत आडवी, आ वासलेला, तोंडात कापूस आणि नळी. फॉर्मवर काय काम करता ते लिहिलं होतं, ते वाचून त्यानं विचारलं, "'घरपोच' तुमचाच?" मी मान हलवली. तो म्हणाला, मान हलवू नका.

मग सुरू! बारावीत असताना त्यानं तो गेम घेतला, खाऊचे पैसे साठवून. दोन परीक्षांच्या मधल्या सुट्टीत संपवला. ते दार उघडत नाही म्हणून त्यानं काय काय केलं — सगळ्या घरांत पुन्हा जाऊन आला, प्रत्येक कपडा चुकीच्या माणसाला देऊन पाहिला, दारासमोर मुलीला उभी करून जेवून आला. त्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

"आता नेटवर कुजबुज ऐकतो, ते दार विकणार आहात," तो म्हणाला. नळी खरखरत होती. "मी घेणार. नक्की घेणार. पण घेताना असं वाटेल बघा — आपण पिक्चरचं तिकीट काढलं होतं, आणि शेवटच्या रिळाचे कोणीतरी वेगळे पैसे मागतंय."

मला काय काय सांगायचं होतं. डिस्क, खोकं, संपलेला वेळ. आ वासून पडले होते. त्यानं कापूस काढला तेव्हा तो पुढच्या माणसाला आत बोलवत होता, आणि माझी अर्धी जीभ बधिर.

बसमध्ये सगळी उत्तरं सुचली. एकही बरोबर वाटलं नाही.

२९ जानेवारी

ठरलं. फुकट. सगळंच फुकट द्यायचं — खोली, गल्ली, फ्रॉक, सगळं. आईचा आवाज विकणार नाही.

धाकट्याला सांगितलं.

३० जानेवारी

काल पुढचं लिहायची ताकद नव्हती.

धाकटा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाही. म्हणाला, नदीकडच्या गल्लीवर आठ माणसं दीड वर्ष खपली. त्या सहा घरांतली चित्रं काढणारा मुलगा लग्न पुढे ढकलून बसलाय. त्यांना काय सांगायचं — आमची आई होती म्हणून तुमची मेहनत दान केली? मी म्हटलं, तुला सगळं टक्क्यांत दिसायला लागलंय. तो म्हणाला, आणि तुला सगळं आईत दिसतं.

मग जे म्हणू नये ते म्हणाला. "ती एकटी तुझीच आई नव्हती, ताई. तुला निदान ती आठवते तरी. माझ्याकडे फक्त ती टेप आहे."

मी पर्स उचलून निघून आले. उन्हाची छत्री तिथेच राहिली.

१ फेब्रुवारी

ऑफिसात शुकशुकाट. शंकासुरनं माझ्या टेबलावर छत्री आणून ठेवली. काही विचारलं नाही — तिनं! म्हणजे सगळ्यांना कळलंय.

२ फेब्रुवारी

बाबांशी बोलले. गुणगुणण्याचं नाही, फक्त किमतीचं.

ते गॅलरीत भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. वयाची ऐंशी झाली तरी घरात एक वस्तू धड राहू देत नाहीत; चालू असलेली उघडतात आणि बंद पडलेली चालू करतात. मला खात्री होती की ते माझ्या बाजूनं बोलतील. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, बाबा, तुम्ही असं काही कधी केलं असतं का?

म्हणाले, "केलंय की. 'एकात शंभर गेम' म्हणून कॅसेट होती आपल्याकडे, आठवते?"

आठवते म्हणजे काय! पिवळी कॅसेट. शंभर नावं, आत गेम मोजून सहा. तेच सहा वेगवेगळ्या नावांनी परत परत यायचे. एकात माणूस लाल, दुसऱ्यात निळा. बाबा तिचं भाडं दुप्पट घ्यायचे! सुट्टीच्या दिवशी तिप्पट.

"पोरांना माहीत होतं की सहाच आहेत. तरी तीच न्यायची. माणसाला आकडा आवडतो," असं म्हणून हसले. वर मला म्हणतात, घे की तो म्हणतोय ती किंमत. धंदा आहे.

मी चिडले. म्हटलं, आई असती तर फुकट दिलं असतं.

स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला त्यांनी.

"तुझी आई? फुकट? अगं, ती एक टाका फुकट घालत नसे. शेजारपाजारच्या बाया यायच्या, 'जाता जाता एवढं बटण लावून दे ना' म्हणून. लावायची, आणि पैसे सांगायची. मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणायची, ते बटण लावताना माझे डोळे काही फुकट जात नाहीत." मग म्हणाले, "हां, तिनं शिवलेली शिवण उसवली तर गोष्ट वेगळी. ती मग कितीही वर्षांनी आणा. निमूट घालून द्यायची. पैसे पुढे केले तर रागवायची. म्हणायची, याचे मी मागेच घेतलेत."

पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

मी तिथेच बसून राहिले. कपभर चहा गार झाला.

३ फेब्रुवारी

धाकट्याच्या घरी गेले. भावजयीनं दार उघडलं, मला बघून आत जाऊन कपबश्या काढल्या. शहाणी आहे.

बाबांचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. मागची खोली ही आपली उसवलेली शिवण. खोक्यावर दाखवली आणि दिली नाही. तिचे पैसे आपण मागेच घेतलेत. ज्यांच्याकडे 'घरपोच' आहे त्यांना ती तशीच मिळायला हवी. नदीकडची गल्ली मात्र नवं कापड. ती आठ जणांनी शिवली. तिची नीट किंमत लावायची, लाजायचं नाही. आणि फ्रॉक वगैरे सुटे विकायचे नाहीत, गल्लीबरोबरच द्यायचे.

त्यानं बराच वेळ बशीवर चमचा फिरवला. मग विचारलं, "गल्ली किती?"

"मूळ गेमच्या एक तृतीयांश. सवलतीचं नाटक नाही. पहिल्या दिवशी जी किंमत, तीच शेवटपर्यंत."

"टक्केवारी फेफरं येऊन पडेल," म्हणाला. आणि हसला. लहानपणी बाग सापडली होती तसा.

निघताना माझी चप्पल त्यानं सरळ करून ठेवली.

१० फेब्रुवारी

टक्केवारी पडला नाही. उलट फार शांत होता. म्हणाला, लोकांना सगळ्यांत हवी असलेली वस्तू तुम्ही फुकट वाटताय आणि ज्याचं कोणाला माहीतही नाही ते विकताय. असं करायचं तर पहिल्या पानावरची जागा कंपनी देणार नाही.

मी धाकट्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ढिला पडेल.

"नको जागा," धाकटा म्हणाला. "खोली फुकटच जाईल."

टक्केवारी निघाला. दारात थांबून मला म्हणाला की त्याच्याकडेही ती डिस्क आहे. खोक्यासकट. हे त्यानं आधी का नाही सांगितलं?

१५ मार्च

आज निघाला. पहिल्या पानावर नाही, कुठेतरी खाली, शोधल्यावर सापडेल असा. केक कापला. शंकासुरनं केकमध्येही एक चूक काढली — 'घरपोच'मधला 'घ' अर्धा पुसला होता.

१६ मार्च

विक्री जेमतेम.

१९ मार्च

लोक काय काय लिहितायत! एक जण म्हणे, फुकट दिलंय म्हणजे टाकाऊच असणार, मी उघडणारच नाही. दुसरा, खोली फुकट मग गल्ली का नाही, लुटारू आहेत. तिसऱ्यानं नुसतं लिहिलंय, "दार उघडलं." एवढंच. खाली त्याला कित्येकांनी "माझंही" म्हटलंय. मी त्यांतलं एकेक वाचत गेले. जेवायचं राहिलं.

२४ मार्च

वाईट आठवडा. लोक खोलीत येतात, बसतात, जातात. गल्लीकडे फिरकत नाहीत. लग्न पुढे ढकललेल्या पोरानं आज विचारलं, दुसरीकडे अर्ज करून ठेवू का. त्याला काय सांगणार? म्हटलं, ठेव. घरी येऊन रडले. कोणाच्या डोळ्यांचं काय फुकट गेलं याचा हिशेब माझ्याच्यानं होत नाही.

२ एप्रिल

दाताचा डॉक्टर! दाढेची दुसरी फेरी. मी तोंड उघडायच्या आधी त्यालाच बोलू दिलं.

खोली पाहिली म्हणाला. बायकोला शेजारी बसवून. ती मुलगी आत शिरून मशीनपाशी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसते, आणि नंतर आपण काहीच करायचं नसतं, हे त्याला फार आवडलं. "मग तिथून उठवेना. आणि बसल्या बसल्या वाटलं, यांनी शेवटचं रीळ दिलं, तर आता यांचं पुढचं तिकीट काढू." गल्ली घेतली. दवाखान्यातल्या दोन मदतनिसांनीही घेतली, त्याच्या सांगण्यावरून. मग म्हणाला, आ करा.

या वेळी आ करून पडायला काही वाटलं नाही.

९ एप्रिल

असंच चाललंय म्हणे सगळीकडे. खोलीत आलेले आठवड्याभरानं परत येतात, ते गल्ली घ्यायला. सावकाश, एकेक करून. धाकटा आकडे वाचून दाखवत होता, मी मध्येच थांबवलं. एवढंच सांग, म्हटलं.

"पगार होतील," म्हणाला. "वर्षभर तरी."

लग्नाची तारीख धरली पोरानं. पत्रिका मलाच काढायला सांगितलीय. फुकट नाही हं, म्हटलं.

१८ एप्रिल

रिकामा दिवस. कितीतरी दिवसांनी. जुन्या दुकानाच्या रस्त्यानं मुद्दाम चालत गेले. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. जिथे पडदा होता तिथे आरसा. आत जाऊन उगाच दोन चौकटी लावून बघितल्या. दुकानातल्या बाईनं विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, बघतेय नुसतं.

२७ एप्रिल

शेवटी आज बाबांना दाखवलं. धाकटा त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. मी गेममधल्या मुलीला दुकानात नेलं, दार उघडलं.

डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "किती वर्षांनी ऐकला तुमच्या मावशीचा आवाज."

मावशी — आईची धाकटी बहीण. लग्नाआधी काही महिने आमच्याकडे राहायला होती. मला आठवलंच नव्हतं.

"आई नाही ही?" धाकट्यानं विचारलं.

"तुमच्या आईला कुठला सूर. ती कधीच गायली नाही." त्यांनी बोट वर केलं, ऐका म्हणून. "ते मशीन चालतंय ना, मध्येच थांबतं, पुन्हा चालतं — ती तुमची आई."

आम्ही पुन्हा लावलं. या वेळी गाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.